हायपरॲक्युसिस

हायपरॲक्युसिस म्हणजे बहुसंख्य लोकांना सहज सहन होणारे रोजच्या जीवनातील आवाज असह्यपणे मोठे, त्रासदायक, भीतिदायक किंवा वेदनादायक वाटण्याची स्थिती होय. मराठीत तिचे वर्णन 'ध्वनीविषयीची अतिसंवेदनशीलता' असे करता येते. भांड्यांचा खणखणाट, प्रेशर कुकरची शिट्टी, वाहनांचे हॉर्न, लहान मुलाचे रडणे किंवा प्लास्टिकच्या पिशवीची चुरचुर अशा आवाजांनी या व्यक्तींना त्रास होऊ शकतो. काहींना ही संवेदनशीलता सौम्य प्रमाणात असते, तर काहींना तिच्यामुळे नोकरी, शिक्षण, प्रवास आणि कौटुंबिक सहवास सोडून देण्याची वेळ येते.

या स्थितीत श्रवणशक्ती अधिक तीक्ष्ण झालेली नसते. अशा व्यक्तीला इतरांना ऐकू न येणारे क्षीण आवाज ऐकू येतात, हा सर्वसाधारण समज चुकीचा आहे. ऐकू येण्याचा किमान उंबरठा बहुधा सामान्य किंवा सामान्यापेक्षा वाईट असतो. बदललेली असते ती मोठा आवाज सहन करण्याची कमाल मर्यादा. त्यामुळे श्रवणदोष आणि हायपरॲक्युसिस एकाच व्यक्तीत एकत्र आढळू शकतात. ही स्थिती बाहेरून दिसत नाही आणि नेहमीच्या श्रवणचाचणीत कित्येकदा काहीही दोष निघत नाही, म्हणून रुग्णाच्या तक्रारीकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता मोठी असते.

नाव आणि व्याख्या

'हायपरॲक्युसिस' हा शब्द 'अधिक' आणि 'श्रवण' या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून बनला आहे. कर्णविज्ञानाच्या वाङ्मयात इ.स. १९३८ मध्ये पर्लमन यांनी या नावाने लेख लिहिला. त्यानंतर अनेक दशके या विषयाचे संशोधन तुरळकच झाले. इ.स. १९९० च्या दशकापासून टिनिटस, म्हणजे बाहेर ध्वनी नसताना कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येणे, या विकाराच्या अभ्यासाबरोबर हायपरॲक्युसिसच्या अभ्यासालाही गती मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत ही स्थिती 'एच ९३.२' या संकेतांकाखाली, श्रवणसंवेदनेतील इतर विकृतींमध्ये नोंदवलेली आहे.

प्रकार

अमेरिकन श्रवणशास्त्रज्ञ रिचर्ड टायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इ.स. २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात हायपरॲक्युसिसचे चार प्रकार सांगितले आहेत. एकाच व्यक्तीत त्यांपैकी एकाहून अधिक प्रकार आढळू शकतात.

तीव्रतेचा प्रकार: मध्यम पातळीचा आवाज फार मोठा वाटतो. साध्या संभाषणाचा आवाजही कोणी ओरडून बोलत असल्यासारखा जाणवतो.

त्रासाचा प्रकार: आवाजामुळे चिडचिड, अस्वस्थता किंवा तणाव निर्माण होतो. आवाज मोठाच असला पाहिजे असे नाही.

भीतीचा प्रकार: विशिष्ट आवाजाची किंवा तो केव्हाही होईल या शक्यतेची भीती वाटते आणि त्यामुळे व्यक्ती अनेक ठिकाणी जाणे टाळू लागते.

वेदनेचा प्रकार: आवाजामुळे कानात, कानाभोवती, जबड्यात किंवा मानेत दुखू लागते. हे दुखणे टोचल्यासारखे, जळजळीचे किंवा ठणका लागल्यासारखे असू शकते. कधी ते आवाजाच्या वेळीच जाणवते, तर कधी काही तासांनी सुरू होऊन बराच काळ टिकते.

ऐकण्याची प्रक्रिया

ध्वनिलहरी कर्णनलिकेतून कर्णपटलावर पोहोचतात. तेथील कंपने मध्यकर्णातील हातोडा, ऐरण आणि रिकीब या तीन लहान हाडांमार्फत आंतरकर्णात जातात. आंतरकर्णातील शंखाकृती कर्णावर्तात केशपेशी असतात. मानवी कर्णावर्तात सुमारे ३,५०० आंतरकेशपेशी आणि सुमारे १२,००० बाह्यकेशपेशी असतात. आंतरकेशपेशी कंपनांचे रूपांतर चेतासंदेशांत करतात, तर बाह्यकेशपेशी क्षीण कंपने वाढवून संवेदनेची अचूकता राखतात. हे संदेश श्रवणचेतेमार्फत मस्तिष्कस्तंभात आणि तेथून टप्प्याटप्प्याने मेंदूच्या श्रवणबाह्यकात जातात. या मार्गाचे भावना, सावधपणा आणि स्मृती यांच्याशी निगडित भागांशीही संबंध असतात. आवाज ऐकताच दचकणे, घाम येणे किंवा छातीत धडधडणे या प्रतिक्रिया या संबंधांमुळे घडतात.

ध्वनीची पातळी डेसिबेलमध्ये मोजतात. हे मापन लॉगरिदमी पद्धतीचे आहे. पातळी १० डेसिबेलने वाढली की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, परंतु मानवी कानाला तो आवाज साधारणतः दुप्पट मोठा वाटतो. कुजबुज सुमारे ३० डेसिबेल, तर नेहमीचे संभाषण सुमारे ६० डेसिबेल असते. सामान्य श्रवणशक्तीच्या बहुतेक लोकांना चाचणीतील शुद्ध स्वर १०० डेसिबेलच्या आसपास असह्य वाटू लागतो. हायपरॲक्युसिसमध्ये ही मर्यादा बरीच खाली येते. तीव्र स्वरूपात ती संभाषणाच्या पातळीपर्यंत किंवा तिच्याही खाली येऊ शकते.

कार्यकारणभाव

हायपरॲक्युसिसचे एकच एक कारण नाही. सर्वाधिक चर्चिली जाणारी उपपत्ती 'केंद्रीय वर्धन' या नावाने ओळखली जाते. कानाकडून येणारे संदेश कमी झाले की श्रवणमार्गातील चेतापेशी आपली प्रतिसादक्षमता वाढवून ती उणीव भरून काढतात. रेडिओचे प्रक्षेपण क्षीण झाल्यावर त्याचा आवाज वाढवावा, तसा हा प्रकार आहे. मात्र वाढवलेली पातळी तशीच राहिली, तर नंतर येणारे साधे आवाजही प्रचंड वाटतात. श्रवणशक्ती चाचणीनुसार सामान्य असलेल्या, परंतु आवाज सहन न होणाऱ्या व्यक्तींच्या मेंदूच्या प्रतिमांकनात मध्यमस्तिष्क, थॅलॅमस आणि श्रवणबाह्यक या भागांत ध्वनीला अधिक प्रतिसाद आढळला आहे. यावरून त्यांची तक्रार काल्पनिक नाही, हे स्पष्ट होते.

वेदनेच्या प्रकाराचे स्पष्टीकरण वेगळे असू शकते. श्रवणचेतेतील सुमारे ९५ टक्के तंतू आंतरकेशपेशींना जोडलेले असतात आणि ऐकण्याचे काम त्यांच्यामार्फत चालते. उरलेले सुमारे ५ टक्के तंतू अतिशय बारीक असून ते बाह्यकेशपेशींना जोडलेले असतात. इ.स. २०१५ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांत कर्णावर्तातील पेशींना इजा झाली असता हे बारीक तंतू उद्दीपित होतात, असे आढळले. शरीराच्या इतर भागांतील वेदनावाहक तंतूंप्रमाणे ते कानाला इजेची सूचना देत असावेत, असा तर्क त्यावरून मांडला गेला आहे. मध्यकर्णातील स्नायूंचे अनैच्छिक आकुंचन आणि ट्रायजेमिनल चेतेचे उद्दीपन हीसुद्धा वेदनेची संभाव्य कारणे मानली जातात.

कारणे आणि संबंधित विकार

मोठ्या आवाजाचा आघात हे वारंवार आढळणारे कारण आहे. तो आघात स्फोट, फटाका किंवा बंदुकीचा आवाज अशा एकाच प्रसंगाने होतो किंवा यंत्रांजवळ, ध्वनिवर्धकांजवळ वर्षानुवर्षे काम केल्याने होतो. संगीतकार, ध्वनिमुद्रण तंत्रज्ञ, कारखान्यातील कामगार आणि सैनिक यांना हा धोका अधिक असतो. डोक्याला झालेली इजा, कानाचे संसर्ग, काही औषधांचा दुष्परिणाम आणि काही शामक औषधे अचानक बंद करणे, यांनंतरही ही स्थिती उद्भवू शकते. अनेक रुग्णांत निश्चित कारण सापडत नाही.

टिनिटसशी हायपरॲक्युसिसचा निकटचा संबंध आहे. टिनिटसच्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के रुग्णांना काही प्रमाणात हायपरॲक्युसिस असतो, असा अंदाज आहे. आणि हायपरॲक्युसिसच्या बहुसंख्य रुग्णांना टिनिटसही असतो.

चेहऱ्याच्या एका बाजूचा पक्षाघात, म्हणजे बेल्स पाल्सी, यामध्ये या लक्षणाचे कारण विशेष स्पष्टपणे दिसते. रिकिबीला जोडलेला स्टेपीडियस हा मानवी शरीरातील सर्वांत लहान कंकालस्नायू आहे. मोठा आवाज झाला की तो आकुंचन पावून रिकिबीची हालचाल मर्यादित करतो. या स्नायूला चेहऱ्याच्या चेतेपासून संदेश मिळतात. ही चेता दुर्बल झाल्यास स्नायू काम करेनासा होतो आणि त्या बाजूच्या कानाला आवाज मोठे वाटू लागतात. चेता पूर्ववत झाल्यावर हे लक्षण बहुधा नाहीसे होते.

अमेरिकन शल्यचिकित्सक लॉइड मायनर आणि सहकाऱ्यांनी इ.स. १९९८ मध्ये आंतरकर्णातील ऊर्ध्व अर्धवर्तुळाकार नलिकेवरील हाडाला छिद्र पडण्याच्या विकाराचे वर्णन केले. या विकारात रुग्णाला स्वतःच्या पावलांचा, नाडीचा, क्वचित डोळ्यांच्या हालचालींचाही आवाज मोठ्याने ऐकू येतो आणि मोठ्या आवाजाने चक्कर येते. योग्य रुग्णांत शस्त्रक्रियेने हा दोष दूर करता येतो.

विल्यम्स संलक्षण हा सातव्या गुणसूत्राचा लहानसा भाग गहाळ झाल्यामुळे होणारा जनुकीय विकार आहे. या विकाराच्या बहुसंख्य मुलांत ध्वनीची अतिसंवेदनशीलता आढळते. तरीही त्यांच्यापैकी अनेकांना संगीताची विलक्षण ओढ असते. स्वमग्नतेतही संवेदनांना मिळणारा तीव्र किंवा क्षीण प्रतिसाद हे महत्त्वाचे लक्षण आहे. अमेरिकन मनोविकारशास्त्र संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या इ.स. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत त्याचा निदानाच्या निकषांत समावेश झाला. अर्धशिशी, आघातोत्तर तणाव विकार आणि ॲडिसनचा रोग यांच्याशीही ध्वनी सहन न होण्याचा संबंध आढळतो.

साधर्म्य असलेल्या स्थिती

मिसोफोनियामध्ये आवाजाच्या पातळीपेक्षा त्याचे स्वरूप महत्त्वाचे असते. चघळणे, मचमच करणे, नाक ओढणे किंवा पेनाची टकटक असा ठरावीक आवाज ऐकताच तीव्र राग, किळस किंवा अस्वस्थता निर्माण होते. पावेल आणि मार्गारेट जॅस्ट्रेबॉफ या अमेरिकेतील संशोधक दांपत्याने इ.स. २००१ मध्ये हा शब्द रूढ केला. तज्ज्ञांच्या समितीने तयार केलेली त्याची सर्वसंमत व्याख्या इ.स. २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. हायपरॲक्युसिसच्या व्यक्तीला ताटावर चमचा आपटल्याचा आवाज कोणी केला यावर फारसे काही अवलंबून नसते. मिसोफोनियात मात्र तोच आवाज कोणाकडून आणि कोणत्या प्रसंगी येतो, यानुसार प्रतिक्रिया बदलू शकते.

फोनोफोबिया म्हणजे ध्वनीची भीती. चेताविज्ञानात हा शब्द अर्धशिशीच्या झटक्यात आवाज नकोसा वाटण्यासाठीही वापरतात.

रिक्रूटमेंट ही कर्णावर्तातील दोषामुळे आलेल्या बहिरेपणातील घटना आहे. क्षीण आवाज ऐकू येत नाहीत, परंतु पातळी थोडी वाढताच आवाज झपाट्याने मोठा वाटू लागतो. वृद्ध व्यक्ती आधी "मोठ्याने बोला" म्हणतात आणि लगेच "ओरडू नका" म्हणतात, त्यामागे कित्येकदा हेच कारण असते. येथे असह्यतेची मर्यादा मुख्यतः पूर्वीइतकीच राहते. हायपरॲक्युसिसमध्ये ती खाली येते.

निदान

निदानाची सुरुवात कान-नाक-घसा तज्ज्ञाच्या तपासणीने होते. अचानक आलेला बहिरेपणा, चेहऱ्याची दुर्बलता, कानातून होणारा स्राव किंवा आवाजाने येणारी चक्कर ही लक्षणे असल्यास मूळ विकाराचा शोध तातडीने घ्यावा लागतो. त्यानंतर श्रवणतज्ज्ञ ऐकण्याचा उंबरठा तपासतात आणि असह्यतेची पातळी मोजतात. या चाचणीत वेगवेगळ्या वारंवारतांचे स्वर हळूहळू वाढवत नेतात आणि आवाज नकोसा वाटताच रुग्ण खूण करतो. चाचणीनेच त्रास वाढू नये म्हणून ती खालच्या पातळीपासून सुरू करणे आणि ती केव्हाही थांबवता येईल हे रुग्णाला आधी सांगणे आवश्यक असते. मध्यकर्णाच्या प्रतिक्षिप्त क्रियेच्या चाचणीत मोठे आवाज वापरले जातात. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकनाच्या यंत्राचा आवाजही १०० डेसिबेलच्या पुढे जाऊ शकतो. त्यामुळे या तपासण्या करताना विशेष काळजी घ्यावी लागते.

केवळ असह्यतेच्या पातळीवरून रुग्णाच्या जीवनावर झालेला परिणाम कळत नाही. त्यासाठी प्रश्नावल्या वापरतात. फ्रान्समधील संशोधक स्तेफानी खाल्फा आणि सहकाऱ्यांनी इ.स. २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत १४ प्रश्न असून त्यांतून लक्ष, सामाजिक वर्तन आणि भावना या तीन अंगांचा अंदाज घेतला जातो.

प्रमाण

हायपरॲक्युसिसच्या व्याख्येत आणि मोजण्याच्या पद्धतीत एकवाक्यता नसल्याने त्याच्या प्रमाणाविषयीचे आकडे परस्परांपासून बरेच भिन्न आहेत. स्वीडनमध्ये इ.स. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ८ ते ९ टक्के लोकांनी रोजच्या आवाजांविषयी अतिसंवेदनशीलता असल्याचे सांगितले. जीवन ठप्प करणारे तीव्र स्वरूप याच्या तुलनेत फारच कमी लोकांत आढळते. ही स्थिती सर्व वयोगटांत आढळते.

शांततेचा विरोधाभास

आवाजाने त्रास होतो तेव्हा कान झाकणे ही स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. परंतु दिवसभर कानात बोळे घालून राहिल्यास संवेदनशीलता वाढू शकते. इ.स. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात सामान्य श्रवणशक्तीच्या स्वयंसेवकांच्या एका गटाला दोन आठवडे कानात बोळे घालण्यास, तर दुसऱ्या गटाला मंद आवाज करणारी उपकरणे कानात बसवण्यास सांगण्यात आले. त्यानंतर पहिल्या गटाला पूर्वीचेच आवाज अधिक मोठे वाटू लागले आणि दुसऱ्या गटाला ते कमी मोठे वाटू लागले. मेंदू ध्वनीच्या उपलब्धतेनुसार आपले वर्धन बदलतो, हे या प्रयोगातून दिसून आले.

यातून रुग्णासमोर एक दुष्टचक्र उभे राहते. आवाज टाळल्याने तात्पुरता आराम मिळतो. दीर्घकाळ शांततेत राहिल्याने आणखी लहान आवाजही त्रास देऊ लागतात. मग टाळायच्या आवाजांची यादी वाढत जाते. पुढच्या आवाजाची सतत वाट पाहणारे मन सावध राहते आणि ही सावधानताच प्रत्येक आवाजाची धार वाढवते. म्हणून खरोखर मोठ्या आवाजापासून कानांचे रक्षण करणे आणि साध्या, सुरक्षित आवाजांत मात्र कान मोकळे ठेवणे, असा सल्ला सामान्यतः दिला जातो. सुतारकामाची यंत्रे, फटाके किंवा मिरवणुकीतील ध्वनिवर्धक यांच्याजवळ बोळे किंवा कर्णकवच वापरणे योग्य ठरते. घरात वर्तमानपत्र वाचताना किंवा दोन माणसांशी बोलताना त्यांची सवय लागणे हानिकारक ठरू शकते.

वेदनेच्या प्रकारात हा समतोल अधिक अवघड असतो. अशा काही रुग्णांची प्रकृती आवाजाच्या संपर्कानंतर दीर्घकाळ बिघडते. "सवय होईल" या समजुतीने त्यांना बळजबरीने गोंगाटात नेणे घातक ठरू शकते. त्यांच्या बाबतीत विश्रांती आणि संपर्क यांचे प्रमाण प्रतिसाद पाहूनच ठरवावे लागते.

उपचार

मूळ विकार सापडल्यास प्रथम त्यावर उपचार केले जातात. इतर रुग्णांसाठी सर्वमान्य असे एकच औषध उपलब्ध नाही. प्रमुख उपचार पुढीलप्रमाणे आहेत.

समुपदेशन: ऐकण्याची प्रक्रिया, वर्धनाची उपपत्ती आणि आवाज मोठा वाटणे व तो कानाला इजा करणारा असणे यांतील फरक रुग्णाला समजावून सांगतात. प्रत्येक आवाजाने आपले कान खराब होत आहेत, ही भीती कमी होणे हीच अनेकदा सुधारणेची पहिली पायरी असते.

ध्वनी उपचार: मंद, सलग आणि सुखद पार्श्वध्वनी दररोज काही तास ऐकवतात. त्यासाठी कानात बसवायची छोटी उपकरणे किंवा पंखा, पावसाचा आवाज, कारंजे यांसारखे साधे ध्वनी वापरतात. पातळी अस्वस्थतेच्या बरीच खाली ठेवून अनेक महिन्यांत हळूहळू वाढवतात. पावेल जॅस्ट्रेबॉफ यांनी इ.स. १९९० मध्ये मांडलेल्या चेताशारीरिक प्रतिमानावर आधारित टिनिटस पुनर्प्रशिक्षण पद्धतीत समुपदेशन आणि ध्वनी उपचार यांची सांगड घातलेली आहे.

बोधात्मक वर्तनोपचार: आवाजाविषयीचे भीतिदायक विचार ओळखणे, शरीर शिथिल करणे आणि टाळलेल्या प्रसंगांना चढत्या क्रमाने सामोरे जाणे, असे याचे टप्पे असतात. स्वीडनमध्ये ६० रुग्णांवर झालेल्या आणि इ.स. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत, प्रतीक्षायादीतील रुग्णांच्या तुलनेत या उपचाराने असह्यतेची पातळी आणि जीवनमान यांत सुधारणा आढळली. मानसोपचाराचा उपयोग होतो याचा अर्थ विकार 'मनाचा खेळ' आहे असा होत नाही. दीर्घकालीन वेदनेसारख्या इतर शारीरिक व्याधींतही तो वापरला जातो.

सहवर्ती विकारांवरील उपचार: अर्धशिशी, निद्रानाश, चिंता, नैराश्य आणि जबड्याच्या सांध्याचे विकार यांवर उपचार केल्यास ध्वनी सहन करण्याची क्षमता वाढू शकते. तीव्र हायपरॲक्युसिसमुळे एकाकीपणा आणि निराशा येऊ शकते. आत्महत्येचे विचार येत असल्यास तातडीने वैद्यकीय मदत घेणे आवश्यक असते.

सुधारणा सामान्यतः संथ असते. चांगल्या दिवसांनंतर अचानक त्रास वाढणे हे उपचार फसल्याचे लक्षण मानले जात नाही.

दैनंदिन जीवन

रुग्णाच्या दृष्टीने आवाजाच्या पातळीइतकेच त्याच्या अकल्पितपणाला महत्त्व असते. अपेक्षित आवाज बहुधा अधिक सहन होतो. मिक्सर लावण्यापूर्वी सांगणे, भांडी आपटू न देणे, भांड्यांखाली रबरी जाळी किंवा कापड अंथरणे, खुर्च्यांच्या पायांना नमदा लावणे आणि दारांना गाद्या लावणे या साध्या उपायांनी घरातील तीक्ष्ण आवाज कमी होतात. जाड पडदे, सतरंज्या आणि पुस्तकांची कपाटे यांमुळे खोलीतील घुमणारा आवाज शोषला जातो. स्वयंपाकघर आणि निजण्याची खोली यांत अंतर ठेवणे लहान घरांत शक्य नसते. तेथे आवाजाच्या कामांची वेळ ठरवून घेणे उपयुक्त ठरते.

कुटुंबीयांच्या वागणुकीचा परिणाम मोठा असतो. संपूर्ण घर निःशब्द ठेवण्याचा प्रयत्न दीर्घकाळ टिकत नाही आणि वर सांगितलेल्या कारणांमुळे तो हितकारकही नसतो. दुसरीकडे, लग्नकार्यातून किंवा सणाच्या गर्दीतून उठून जाणारी व्यक्ती माणूसघाणी किंवा नाटकी ठरवली गेल्यास ती आपला त्रास लपवू लागते. कार्यक्रमात ध्वनिवर्धकापासून दूर बसण्याची, मधूनच बाहेर पडून पुन्हा परतण्याची मोकळीक असेल, तर अनेक रुग्ण सामाजिक जीवनात सहभागी राहू शकतात.

लहान मुले हा त्रास शब्दांत सांगू शकत नाहीत. कान झाकणे, रडणे, पळून जाणे, वाढदिवसाच्या समारंभात फुग्यांना घाबरणे किंवा शाळेत मधल्या सुट्टीच्या घंटेपूर्वी अस्वस्थ होणे, यांवरून तो ओळखता येतो. अशा वर्तनाला शिक्षा केल्यास भीती वाढते. आवाजावर मुलाचे नियंत्रण असल्यास तो सहन करणे सोपे जाते. म्हणून मिक्सरचे बटण त्यालाच दाबू देणे, नकोसा वाटणारा आवाज ध्वनिमुद्रित करून मंद पातळीवर खेळाच्या रूपात ऐकवणे, अशा पद्धती वापरल्या जातात. वर्गात खिडकी, पंखा किंवा जिना यांपासून दूरची जागा आणि परीक्षेसाठी शांत खोली दिल्यास मुलाच्या शिक्षणात खंड पडत नाही.

प्रतिबंध

आवाजामुळे होणाऱ्या इजेपासून बचाव करता येतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी इ.स. २०१९ मध्ये वैयक्तिक श्राव्य उपकरणांसाठी प्रसिद्ध केलेल्या मानकात प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबेल ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा मानली आहे. इ.स. २०२२ च्या मानकात संगीतस्थळांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबेल ही कमाल पातळी सुचवली आहे. मोठ्या आवाजानंतर कानात गुणगुण होणे किंवा कान दडे बसल्यासारखे वाटणे ही कानांवर ताण आल्याची खूण असते.

साहित्य आणि इतिहासातील उल्लेख

आवाजाने त्रस्त झालेल्या नामवंत व्यक्तींची उदाहरणे इतिहासात आढळतात. त्यांना हायपरॲक्युसिस होता असे मात्र त्यावरून ठरवता येत नाही. जर्मन तत्त्वज्ञ आर्थर शोपेनहाउअर यांनी इ.स. १८५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गोंगाटावर, विशेषतः गाडीवानांच्या चाबकाच्या फटकाऱ्यावर, स्वतंत्र निबंध लिहिला. टॉमस कार्लाइल यांनी लंडनमधील आपल्या घराच्या माथ्यावर इ.स. १८५३ मध्ये आवाज रोखणारी अभ्यासिका बांधण्यास घेतली. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त यांनी पॅरिसमधील आपल्या शयनगृहाच्या भिंतींना बुचाच्या सालीचे अस्तर लावून घेतले होते. एडगर ॲलन पो यांच्या इ.स. १८३९ मधील 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर' या कथेतील रॉडरिक अशर या पात्राला तंतुवाद्यांचे काही मोजके स्वर वगळता इतर सर्व आवाज असह्य होतात. 'द मॅग्नेटिक फील्ड्स' या अमेरिकन वाद्यवृंदाचे गीतकार स्टेफिन मेरिट यांनी आपल्याला हायपरॲक्युसिस असल्याचे जाहीरपणे सांगितले आहे.

भारतातील स्थिती

भारतात श्रवणविकारांच्या क्षेत्रात मैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आणि मुंबईत वांद्रे येथे इ.स. १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या प्रमुख संस्था आहेत. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. त्यांत श्रवणदोष आणि स्वमग्नता आहेत; हायपरॲक्युसिसचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे केवळ या कारणावरून दिव्यांगत्वाच्या सवलती मागणे कठीण असते.

सार्वजनिक आवाजाचे नियमन ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार होते. निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल, व्यापारी क्षेत्रासाठी ६५ आणि ५५, औद्योगिक क्षेत्रासाठी ७५ आणि ७०, तर शांतता क्षेत्रासाठी ५० आणि ४० डेसिबेल अशा मर्यादा त्यांत ठरवल्या आहेत. रात्री १० ते सकाळी ६ हा काळ रात्र मानला जातो आणि त्या काळात उघड्यावर ध्वनिवर्धक वापरण्यास मनाई आहे. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी दिलेल्या निकालात, नको असलेला आवाज ऐकण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही आणि शांततेत जगण्याचा हक्क राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे, अशी भूमिका घेतली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्रात या नियमांच्या कठोर अंमलबजावणीचे निर्देश दिले.

हे नियम सर्वसामान्य नागरिकांसाठी केलेले आहेत. सामान्य माणसाला सुसह्य असलेली पातळीही हायपरॲक्युसिसच्या व्यक्तीला असह्य असू शकते, त्यामुळे नियमांचे पूर्ण पालन झाले तरी तिचा त्रास संपतोच असे नाही. तथापि गणेशोत्सव, नवरात्र, दिवाळी आणि लग्नसराईच्या दिवसांत या मर्यादा पाळल्या गेल्यास अशा व्यक्तींना घराबाहेर पडणे शक्य होते आणि आवाजाच्या आघातामुळे नव्याने उद्भवणाऱ्या श्रवणविकारांनाही काही प्रमाणात आळा बसतो.